बेडका निघतच नाही, अशांचा टीबी तपासायचा कसा?

प्राची_क्षेत्रकाम

नमस्कार. टीबीच्या प्रयोगशाळेत किंवा दवाखान्यात काम करणाऱ्यांना, आणि ज्यांनी ही तपासणी स्वतः सोसली आहे त्यांनाही, एक प्रश्न विचारायचा आहे. थोडं सविस्तर लिहिते.

आमचा गट घरोघर जाऊन टीबीचे रुग्ण शोधतो. लक्षणं विचारतो, उचलून नेता येणाऱ्या यंत्रावर छातीचा फोटो काढतो. फोटोत डाग दिसला किंवा दोन आठवड्यांच्या वर खोकला असला की बेडक्याची डबी देतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती गोळा करतो. फोटोपर्यंत सगळं सुरळीत चालतं. अडतं ते डबीपाशी.

फोटोत डाग स्पष्ट असतो, पण माणूस म्हणतो, "मला खोकलाच नाही, बेडका कुठून आणू?" आणि तो खोटं बोलत नसतो. म्हाताऱ्यांच्या अंगात खाकरायचा जोर नसतो. बायका डबी मुकाट्याने घेतात, पण चार माणसांसमोर खाकरणं त्यांना जमत नाही. सकाळी डबी रिकामी, नाहीतर तळाशी फेसाळ लाळ. लहान मुलं तर आलेला बेडका गिळूनच टाकतात.

मग आमच्या वहीत "नमुना मिळाला नाही" असं लिहिलं जातं आणि आम्ही पुढच्या घरी जातो. त्या माणसाला टीबी असेल तर तो तसाच राहतो, आणि घरातल्यांना होत राहतो. हे मला सहन होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे 2023 मध्ये जगात 1 कोटी 8 लाख लोकांना टीबी झाला. त्या वर्षी निदान होऊन नोंद झाली ती 82 लाखांची. मधल्या लाखो माणसांपैकी बरेच जण आमच्यासारख्यांच्या वहीत त्या एका ओळीखाली आहेत असं मला वाटतं.

यंत्रांबद्दल वाचायला पुष्कळ मिळतं, नमुन्याबद्दल फार थोडं. बेडका न मागता, किंवा मागायचाच तर सोप्या रीतीने मागून, टीबी शोधायचे कोणते मार्ग आज खरोखर वापरात आहेत? कशावर विसंबावं आणि काय अजून कच्चं आहे?

जुनी_लॅबवाली

प्राचीताई, हा प्रश्न तुम्ही यंत्रापासून न सुरू करता डबीपासून सुरू केलात, याचा मला फार आनंद झाला. आमच्या टेबलावर डबी येते तेव्हा निम्मा निकाल ठरून गेलेला असतो.

माझं निम्मं आयुष्य सूक्ष्मदर्शकाखाली स्लाइड बघण्यात गेलं. रॉबर्ट कॉख यांनी 24 मार्च 1882 ला बर्लिनमध्ये टीबीचा जंतू जाहीर केला, आणि पुढची शंभराहून जास्त वर्षं जगातल्या बहुतेक दवाखान्यांत टीबी शोधणं म्हणजे स्लाइडवर बेडका पसरून, झील-नील्सनच्या पद्धतीने रंगवून, निळ्या पार्श्वभूमीवर लाल काड्या शोधणं, एवढंच होतं. त्या काड्या दिसायला एका मिलीलीटर बेडक्यात साधारण पाच ते दहा हजार जंतू असावे लागतात. त्याहून कमी असले तर स्लाइड निगेटिव्ह जाते, माणूस आजारी असला तरी. कल्चर लावलं, म्हणजे जंतू प्रयोगशाळेत वाढवून पाहिला, तर थोडे जंतूही पकडता येतात, पण हा जंतू एकाचे दोन व्हायला अठरा ते चोवीस तास घेतो. म्हणून घन माध्यमावर निकालाला सहा ते आठ आठवडे लागतात.

डिसेंबर 2010 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जीनएक्स्पर्टला, म्हणजे नमुन्यात जंतूचा डीएनए शोधणाऱ्या यंत्राला (आम्ही नुसतं एक्स्पर्ट म्हणतो), मान्यता दिली आणि आमचं काम बदललं. मिलीलीटरमागे शंभर-सव्वाशे जंतू असले तरी ते यंत्र दोन तासांत सांगतं, आणि रिफॅम्पिसिन या टीबीच्या मुख्य औषधाला जंतू दाद देतो की नाही हेही त्याच वेळी कळतं. नमुना काडतुसात, म्हणजे एका बंद डबीत, घालून यंत्रात लावतात; नंतरच्या अल्ट्रा काडतुसाची मजल पंधरा-सोळा जंतूंपर्यंत गेली. पण हे सगळं त्या डबीत फुप्फुसातून आलेलं काही असलं तरच. लाळेत यंत्र तरी काय शोधणार?

म्हणून नव्या चाचण्यांकडे जाण्याआधी डबी देण्याची तुमची रीत तपासा. याला फक्त वेळ आणि शब्द लागतात. पाकिस्तानात रावळपिंडीला एक अभ्यास झाला होता, 2007 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. बायकांना डबी देताना एका गटाला नीट समजावून सांगितलं, दुसऱ्या गटाला नेहमीसारखी नुसती डबी दिली. न समजावलेल्या गटात 8 टक्के बायकांची स्लाइड पॉझिटिव्ह आली, समजावलेल्या गटात 13 टक्के. यंत्र तेच, रंग तेच, तपासणारे तेच. मला आजही हा अभ्यास कुठल्याही नव्या यंत्राइतकाच मोठा वाटतो.

आता समजावायचं काय, तर मी असं सांगते. साध्या पाण्याने चूळ भरा. ताठ बसा किंवा उभे राहा. खोल श्वास घ्या, क्षणभर रोखा, सोडा. पुन्हा एकदा तसंच. तिसऱ्या श्वासाला पोटातून जोर लावून खोका. घसा खाकरून येतं ते नको, छातीतून येतं ते हवं. डबी ओठांशी धरा म्हणजे बाहेर उडणार नाही. दाट, चिकट, पिवळसर किंवा कण असलेला दोन ते पाच मिलीलीटर बेडका आला की झाकण घट्ट फिरवा. आणि हे नुसतं सांगू नका, स्वतः श्वास घेऊन करून दाखवा. लोक ऐकून करत नाहीत, बघून करतात.

जागा महत्त्वाची. उघड्या हवेत, पण आडोशाला. बंद खोलीत किंवा संडासात कधीही नको, कारण तिथे जंतू हवेत राहतात आणि पुढे जाणाऱ्याच्या छातीत जातात. बायकांसाठी बाईनेच डबी द्यावी आणि आडोसा दाखवून स्वतः दूर उभं राहावं. पहिल्याच भेटीत जमला तर तिथल्या तिथे एक नमुना घ्या, दुसरा सकाळचा. नाव डबीच्या अंगावर लिहा. झाकणावर कधीच लिहू नका, दोन झाकणं बदलली की दोन माणसांचे निकाल बदलतात.

आणखी एक. लाळेसारखा दिसतो म्हणून नमुना परत पाठवणाऱ्या प्रयोगशाळा आहेत. स्लाइडच्या काळात त्याला काही अर्थ होता. आता दुसरा नमुना मिळणार नसेल तर जो आहे तो यंत्राला लावावा. त्यातूनही पॉझिटिव्ह निघतात, मी पाहिले आहेत.

अनामिका_७

मी या विषयातली नाही, मला टीबी झाला होता. प्राचीताईंनी सोसलेल्यांनाही विचारलं म्हणून लिहिते.

माझा खोकला कोरडा होता. ताप संध्याकाळचा, वजन उतरत चाललेलं, आणि बेडका म्हणून काही नाही. दर वेळी डबी मिळायची आणि दर वेळी "नीट आणा" असं ऐकून परत यायचे. नीट म्हणजे कसं, हे कोणी सांगितलं नाही. लॅबवाल्या ताईंनी वर जे लिहिलंय ते मला कोणी त्या वेळी करून दाखवलं असतं तर कदाचित तेव्हाच काही हाती लागलं असतं.

शेवटी दुसऱ्या ठिकाणी एका डॉक्टरांनी खारट पाण्याची वाफ मशीनने दिली. थोड्या वेळाने इतका खोल खोकला आला की छाती दुखली, पण बेडका निघाला आणि त्याच नमुन्यात टीबी सापडला. सहा महिने गोळ्या घेतल्या, बरी झाले. मधले जे महिने गेले त्यात माझ्या भाच्याला झाला. तो मांडीवर खेळायचा माझ्या.

ज्यांना बेडका येत नाही त्यांना वाटतं की आपणच काहीतरी चुकतोय. त्यांना एवढं सांगा की तुमची चूक नाही, नमुना घ्यायची दुसरी रीत शोधणं हे आमचं काम आहे.

बालवैद्य

मुलांबद्दल मी लिहितो. अनामिकाताई, तुमचा भाचा बरा असेल अशी आशा करतो.

लहान मूल बेडका काढून देऊ शकत नाही. आलेला कफ ते गिळतं, आणि रात्रभर गिळलेला कफ पहाटे पोटात साठलेला असतो. म्हणून जुनी पद्धत अशी की मुलाला उपाशी ठेवायचं, पहाटे उठण्याआधी नाकातून नळी पोटात घालायची आणि तिथलं पाणी ओढून घ्यायचं. तेही लागोपाठ तीन सकाळी. त्यासाठी मुलाला दाखल करावं लागतं. मूल रडतं, आई रडते, नर्सचेही हात जड होतात. आणि एवढं करूनही बऱ्याचदा हाती काही लागत नाही, कारण लहान मुलांच्या टीबीत जंतू मुळातच थोडे असतात.

आता साधी गोष्ट पाहा. गिळलेला कफ पोटातून पुढे जातो आणि शेवटी शौचातून बाहेर पडतो. जंतूचं आवरण मेणचट असल्यामुळे तो पचून जात नाही, त्याचा डीएनए शौचात सापडतो. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 मध्ये मुलांसाठी एक्स्पर्टवर शौचाचा नमुना चालतो असं सांगितलं, आणि पुढे अल्ट्रासाठीही. केएनसीव्ही या नेदरलँड्सच्या टीबी संस्थेने त्यासाठी एक सरळ रीत बसवली आहे: साधारण 0.8 ग्रॅम शौच काडीने घेऊन थेट एक्स्पर्टच्याच द्रावणाच्या बाटलीत घालायचं, हलवायचं, ठेवायचं, पुन्हा हलवायचं, चोथा खाली बसला की वरचं पाणी काडतुसात. सेंट्रिफ्यूज (गरगर फिरवून वेगळं करणारं यंत्र) नको, गाळणी नको, वेगळं रसायन नको. जिथे बेडक्यासाठी एक्स्पर्ट आहे तिथे उद्यापासून हे करता येतं. मूल दाखल करावं लागत नाही, नळी नाही, आई घरूनच नमुना आणते.

हे समजल्यावर मला आनंदाबरोबर दुःखही झालं. नळी घालून आम्ही किती मुलांना रडवलं, आणि उत्तर लंगोटात होतं.

पण एक गोष्ट ठामपणे सांगतो. शौच निगेटिव्ह आलं म्हणून मुलाला टीबी नाही असं म्हणायचं नाही. घरात टीबीचा रुग्ण आहे, मुलाचं वजन वाढत नाही, ताप-खोकला हटत नाही, फोटोत गाठी दिसतात, तर जंतू सापडण्याची वाट न पाहता उपचार सुरू करावेत. दहा वर्षांखालच्या मुलांसाठी लक्षणं आणि फोटो यांना गुण देऊन निर्णय घ्यायची पद्धत जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये सुचवली आहे. तुमच्या गटाला तिचा उपयोग होईल. फोटो काढायची सोय नसेल तर फक्त लक्षणांवर चालणारी आवृत्तीही आहे.

प्राची_क्षेत्रकाम

सगळ्यांचे मनापासून आभार. अनामिकाताई, तुमचं वाक्य मी आमच्या पुढच्या बैठकीत जसंच्या तसं वाचून दाखवणार आहे.

शौचाचं कळलं, ते आम्ही नक्की धरू. पण मोठ्यांचं काय? ज्यांना खोकलाच नाही आणि फोटोत डाग आहे, त्यांना कितीही श्वास शिकवले तरी बेडका येत नाही. जिभेवर काडी फिरवून टीबी शोधतात असं ऐकलं. लघवीची पट्टी आहे म्हणे. कुणी मास्कचंही बोलत होतं. यातलं खरं किती?

अणुरेणू

मी चाचण्या तयार करणाऱ्या लोकांबरोबर काम करतो, तेव्हा माझा कल कुठे असेल ते ध्यानात ठेवूनच वाचा.

आधी तुमच्या निरीक्षणाबद्दल. ते नेमकं आहे. देशोदेशीची टीबी सर्वेक्षणं एकत्र करून पाहिली तेव्हा बेडक्यात जंतू सापडलेल्यांपैकी जवळपास निम्म्या लोकांनी खोकल्याची वा तशा लक्षणांची तक्रारच केलेली नव्हती. म्हणजे खोकला आणि बेडका यांच्या भरवशावर शोधमोहीम चालवली तर फार मोठा भाग दाराबाहेरच राहतो.

जिभेची काडी. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या गटाने 2015 मध्ये दाखवलं की टीबीच्या रुग्णांच्या गालाच्या आतल्या बाजूला जंतूचा डीएनए सापडतो. पुढे कळलं की गाल आणि हिरडीपेक्षा जीभ चांगली. जिभेच्या पाठीचा खरखरीतपणा बेडक्यातून वर आलेले जंतू धरून ठेवतो. कापसाची काडी जिभेवर, जमेल तितकी मागे, दहा-पंधरा सेकंद दाबून फिरवायची. दात घासण्याआधी, काही खाण्याआधी घेतलेली बरी. माणूस स्वतःही घेऊ शकतो. खोकावं लागत नाही, म्हणून घेणाऱ्यालाही धोका कमी.

यातली मला सर्वांत मोलाची वाटणारी बाब वेगळीच आहे. बेडका चिकट असतो. तो पातळ करायचा, जंतू मारायचे, घाण काढायची, मग डीएनए मोकळा करायचा, यासाठी यंत्रात पंप, झडपा, काडतुसं लागतात. म्हणून ती यंत्रं महाग, नाजूक आणि मोठी होतात. एक्स्पर्टला स्थिर वीज लागते आणि खोलीचं तापमान तीस अंशांच्या आत असावं लागतं. गोव्यात तयार होणारं ट्रूनॅट हे तशाच कामाचं यंत्र बॅटरीवर चालतं आणि 2020 मध्ये त्याला जागतिक मान्यता मिळाली, पण त्यातही डीएनए काढण्याचा वेगळा टप्पा आहेच. जिभेवरची काडी मात्र पातळ पाण्यात बुडवून तापवली तरी पुष्कळ काम होतं. म्हणजे नमुना सोपा झाला की यंत्रही सोपं होतं. हे लोकांच्या ध्यानात उशिरा आलं.

उणी बाजू अशी की काडीवर बेडक्याच्या मानाने जंतू फार थोडे येतात. त्यामुळे ज्यांच्या बेडक्यात जंतू भरपूर आहेत ते काडीतही सापडतात, थोडे आहेत ते निसटतात.

तरीही हे गणित पाहा. आकडे माझे, समजावण्यापुरते धरलेले. शंभर आजारी माणसं आहेत. बेडका देऊ शकतात साठ, आणि चाचणी शंभरातले नव्वद पकडते. हाती लागले चोपन्न. काडी देऊ शकतात पंच्याण्णव, आणि ती शंभरातले पंचाहत्तरच पकडते. हाती लागले एकाहत्तर. कमी अचूक चाचणीने जास्त माणसं सापडली.

मास्कचं खरं आहे. इंग्लंडमधल्या लेस्टर विद्यापीठाच्या लोकांनी दक्षिण आफ्रिकेत प्रिटोरियाला हे काम केलं: मास्कच्या आत एक पट्टी बसवायची, माणसाने तो काही वेळ घालायचा, श्वासातून पडणारे जंतू त्या पट्टीवर शोधायचे. कोण किती जंतू बाहेर सोडतो हे त्यातून कळतं, जे बेडक्यातून कळत नाही. पण रोजच्या कामात वापरावं इतकं ते अजून पुढे आलेलं नाही.

लघवीची पट्टी आज हातात आहे. जंतूच्या भिंतीतला लॅम नावाचा घटक लघवीत उतरतो, तो ती शोधते. साठ मायक्रोलीटर लघवी, पंचवीस मिनिटं, यंत्र लागत नाही. 2015 पासून तिची शिफारस आहे, 2019 मध्ये ती वाढवली. पण ती एचआयव्ही असलेल्यांसाठी, विशेषतः ज्यांची प्रतिकारशक्ती फार खालावली आहे त्यांच्यासाठी. त्यांच्यातही ती निम्म्याहून कमी रुग्ण पकडते, मात्र पकडते ते सर्वांत आजारी, ज्यांना एक आठवडाही उशीर परवडत नाही. तुमच्या चालत्याफिरत्या, एचआयव्ही नसलेल्या माणसांना तिचा उपयोग नाही.

जुनी_लॅबवाली

अणुरेणू, जिभेच्या काडीचं तुम्ही फार छान समजावलंत. पण तुमच्या गणितात एक जागा मला खटकते.

काडी शंभरातले पंचाहत्तर पकडते, हा आकडा येतो कुठून? अभ्यासात ज्यांचा बेडका मिळाला आणि त्यात जंतू सापडले, अशांच्याच जिभेवर काडी फिरवून. म्हणजे जे बेडका देऊ शकतात त्यांच्यातला तो आकडा. ज्यांना बेडका येतच नाही त्यांच्या छातीत बहुधा जंतू कमी, वर येणारे त्याहून कमी, आणि जिभेवर टिकणारे आणखी कमी. ज्यांच्यासाठी काडी हवी आहे, त्यांच्यातच ती सर्वांत दुबळी ठरेल. त्या पस्तीस माणसांना पंचाहत्तर टक्के लावणं मला योग्य वाटत नाही.

आणि दुसरं, खोटे पॉझिटिव्ह. समजा हजार माणसांवर काडी फिरवली आणि त्यांत दहा खरे रुग्ण आहेत. चाचणी निरोग्यांपैकी शंभरातल्या अठ्ठ्याण्णवांना बरोबर निगेटिव्ह सांगते, ऐकायला उत्तम. तरी उरलेल्या दोन टक्क्यांनी वीस निरोगी माणसं पॉझिटिव्ह येतील आणि खरे आठ. अठ्ठावीस जणांना सहा महिने गोळ्या सुरू करायच्या का? म्हणून सरसकट काडी फिरवू नये. आधी फोटो, मग काडी. फोटोने गर्दी गाळली की चाचणीचं पॉझिटिव्ह विश्वासाचं होतं.

अल्ट्रावर "ट्रेस", म्हणजे डीएनएचा अगदी पुसट अंश, असा निकाल येतो तेव्हाही हाच विचार हवा. आधी टीबी होऊन बरा झालेल्या माणसात मेलेल्या जंतूंचा डीएनए बराच काळ सापडू शकतो, तो ट्रेस दाखवतो. आधी टीबी झाला होता का, हे विचारल्याशिवाय उपचार सुरू करू नका.

रक्ताबद्दल प्राचीताईंनी विचारलं नाही, पण कोणीतरी विचारेलच. रक्तातली अँटिबॉडी बघून टीबी सांगणाऱ्या चाचण्यांविरुद्ध जागतिक आरोग्य संघटनेने 2011 मध्ये स्पष्ट शिफारस केली आहे. निरोग्याला टीबी आणि टीबीवाल्याला निरोगी ठरवायच्या त्या. मॅन्टूक्स ही कातडीची आणि इग्रा ही रक्ताची चाचणी जंतू शरीरात कधीतरी शिरला एवढं सांगतात, आजार चालू आहे का ते नाही. सोपा नमुना हवा म्हणून तिकडे वळू नका, हात जोडून सांगते.

अणुरेणू

ताई, बरोबर आहे. आकडा ज्या माणसांवर मोजला त्यांच्यापुरताच लावावा.

मग पुन्हा मांडतो, आकडे पुन्हा धरलेलेच. साठ जण बेडका देऊ शकतात, त्यांच्यात काडी पंचाहत्तर टक्के: पंचेचाळीस. पस्तीस जण देऊ शकत नाहीत पण काडी देतात, त्यांच्यात चाळीसच टक्के धरू: चौदा. एकूण एकोणसाठ. बेडक्याच्या चोपन्नापेक्षा थोडेसेच जास्त. पण ज्यांना बेडका येतो त्यांचा बेडका घेतला आणि ज्यांना येत नाही त्यांचीच काडी घेतली, तर चोपन्न आणि चौदा, अडुसष्ट.

म्हणजे काडीने बेडक्याची जागा घेऊ नये, काडीने "नमुना मिळाला नाही" या ओळीची जागा घ्यावी. चाचण्या तयार करणाऱ्यांना माझं आता हेच सांगणं राहील: बेडका न देऊ शकणाऱ्यांवरच अभ्यास करा. अवघड आहे, कारण त्यांना खरंच टीबी आहे की नाही हे ठरवायला तुलनेसाठी बेडकाच नाही. महिनोन्महिने त्यांच्या मागे राहावं लागतं, फोटो पुन्हा काढावा लागतो, वाफ देऊन नमुना घ्यावा लागतो. तरी त्याशिवाय खरा आकडा मिळणार नाही.

काडीची आणखी एक मर्यादाही सांगून ठेवतो. जंतू थोडे असल्याने टीबी आहे एवढं कळलं तरी औषधाला दाद देतो की नाही ते बऱ्याचदा कळत नाही. काडी पॉझिटिव्ह आली की उपचाराआधी एक बेडका मिळवायचा प्रयत्न करायचाच, वाफ देऊन का होईना.

बालवैद्य

वाफेबद्दल एक सूचना. खारट पाण्याच्या वाफेने श्वासनळी आकसू शकते, म्हणून दमेकऱ्यांना आणि लहान मुलांना आधी श्वासनळी मोकळी करणारं सालब्युटॅमॉल द्यावं आणि जवळ डॉक्टर असावा. शिवाय वाफेने येणारा खोकला जोराचा असतो, हवेत जंतू फार उडतात. मोकळी हवा आणि घेणाऱ्याच्या तोंडावर एन-95 हवाच. घरोघर फिरणाऱ्या गटाने हे स्वतः करू नये.

प्राची_क्षेत्रकाम

आज आमच्या गटाने बसून हे सगळं वाचलं. ठरलं ते लिहिते, चुकत असेल तर सांगा.

डबी देताना प्रत्येकाला श्वास करून दाखवायचा, आडोशाची जागा आधी शोधायची, बायकांना डबी आमच्यातल्या बाईनेच द्यायची. लाळ आली तरी नमुना प्रयोगशाळेत जाईल. त्यासाठी तिथल्या मंडळींशी बोलून ठेवलंय आणि त्यांनी होकार दिला आहे. घरात टीबीचा रुग्ण असलेल्या, आजारी दिसणाऱ्या लहान मुलांच्या आयांना शौचाची डबी देणार. फोटोत डाग आहे आणि बेडका नाही अशांना वाफेची सोय असलेल्या दवाखान्यात घेऊन जायचं. आम्ही सोबत जाणार, चिठ्ठी देऊन पाठवून द्यायचं नाही. जिभेची काडी आमच्या भागात एखाद्या अभ्यासातून आली तर सहभागी व्हायची तयारी आहे, पण आमच्या मनाने फिरवणार नाही.

आणि वहीतली ती ओळ काढून टाकली आहे. त्या जागी दोन रकाने केलेत: नमुना का मिळाला नाही, आणि त्यावर पुढे काय केलं.

जुनी_लॅबवाली

तिसराही रकाना करा. निकाल माणसाच्या हातात कोणत्या दिवशी पडला. नमुना घेऊन पंधरा दिवसांनी निकाल पोचला तर तोवर माणूस कामासाठी दुसरीकडे गेलेला असतो. ती तारीख लिहायला लागलात की आमच्यासारख्या लॅबवाल्यांवरही दबाव येईल, आणि तो यायला हवा.

प्राची_क्षेत्रकाम

केला, ताई. उद्याच्या डब्यांपासून भरायला सुरुवात.